बारावीनंतर तर्कशास्त्र शिकायचंय, पण बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे

प्रश्न: मी सांगलीत बारावी सायन्सला आहे. स्वतःचाच प्रोग्राम वाचून, सिद्धता शोधून निर्णय घेणाऱ्या एजंटबद्दल (म्हणजे अशा कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल) वाचलं आणि वेडच लागलं. लोबचं प्रमेय अर्धवट कळलं. बाबा म्हणतात, 'असल्या गणितात गेलीस तर नोकरी मिळणार नाही, कॉम्प्युटर घे.' काय करू?

उत्तर: अर्धवट कळलंय, तर आधी तेच पुरं करू. टेबलावर पाचची आणि दहाची नोट आहे. एजंटने एकच उचलायची. तो आधी एका विधानाची सिद्धता शोधतो: 'मी पाच उचलले तर पाच मिळतील, दहा उचलले तर शून्य.' सापडली, तर पाच उचलायचे असा त्याचा प्रोग्राम. आता धरून चाल की सापडली. मग तो पाच उचलणार, दहा उचलणारच नाही. आणि 'जर'चा भाग खोटा असला की 'जर-तर' विधान आपोआप खरं ठरतं. म्हणजे 'हे विधान सिद्ध होत असेल तर ते खरं आहे' एवढं सिद्ध झालं. मार्टिन लोब यांनी 1955 मध्ये दाखवलं, की एवढं पुरतं, मूळ विधानच सिद्ध होतं. हेच लोबचं प्रमेय. शोधायला पुरेसा वेळ असेल, तर एजंट खरोखरच पाच उचलतो, आणि त्याच्या तर्कात कुठेही चूक काढता येत नाही! हे वहीत स्वतः मांडून बघ. त्यात रात्र कशी गेली हे कळलं नाही, तर ही आवड वरवरची नाही.

बाबांच्या काळजीत तथ्य आहे. नेमक्या याच विषयावरचं काम बहुतेक संशोधनातलं, पीएचडीपर्यंत जाणारं, आणि जागा थोड्या. पण तर्कशास्त्र शिकलेल्याला नोकरीच नाही, हे मला मान्य नाही. 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक निघाली आणि कंपनीला सुमारे 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला. चिपचं डिझाइन बरोबर आहे हे नुसत्या चाचण्यांवर न सोडता गणिताने सिद्ध करण्याच्या कामाला त्यानंतर मोठा जोर आला. त्याला फॉर्मल व्हेरिफिकेशन म्हणतात, आणि चिप कंपन्यांत त्यासाठी माणसं घेतात.

माझं स्पष्ट मत: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या गणित आणि कॉम्प्युटर सायन्सच्या बीएस्सी ऑनर्सचा फॉर्म भर. तिथे दोन्ही विषय एकत्र आहेत आणि प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची आहे. जेईई आणि सीईटीही दे. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला गेलीस तरी वाट बंद होत नाही, फक्त गणित स्वतःहून करावं लागतं. चेन्नईच्या प्रवेश परीक्षेत सिद्धता लिहून दाखवावी लागते, नुसता पर्याय निवडून भागत नाही. त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका आतापासून सोडव. बोर्डाची परीक्षा झाली की लीन हे सिद्धता तपासणारं मोफत सॉफ्टवेअर घालून बेरजेचा क्रमनिरपेक्षतेचा नियम इंडक्शनने सिद्ध कर. एक ओळ अडली की ते पुढे जाऊ देत नाही. बाबांना शेजारी बसवून दाखव.