रिपोर्टात रक्त ‘पातळ’ दिसले म्हणून इंजेक्शन थांबवू नका

वडिलांना जठराचा कर्करोग असून रक्तात अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध बनवलेली, गुठळीला हातभार लावणारी प्रथिने) सापडल्या आहेत, तर गुठळीचा धोका किती वाढतो, असे आपण विचारले आहे. नेमका आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कर्करोगात मुळातच रक्त गोठण्याकडे झुकते, हे पॅरिसच्या त्रुसो यांनी १८६५ मध्येच सांगितले होते, आणि जठर व स्वादुपिंड यांच्या कर्करोगांत हा धोका सर्वाधिक असतो. अँटीबॉडी त्यात किती भर घालतात, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे.

माझ्या आईला अंडाशयाचा कर्करोग होता आणि सांगलीहून मिरजेला केमोसाठी आमच्या खेपा चालू होत्या. तिसऱ्या केमोनंतर तिचा डावा पाय सुजला, तेव्हा शेजारच्या काकूंनी मिठाचा शेक सुचवला. मी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत, गुठळी दिसली आणि पोटावर रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने सुरू झाली. पहिल्या इंजेक्शनआधी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला: एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, ५४ सेकंद, नेहमीपेक्षा जास्त; आणि ल्युपस अँटीकोॲग्युलंट, म्हणजे याच अँटीबॉडींची एक तपासणी, पॉझिटिव्ह. तासगावहून आलेल्या दादाने तो वाचला आणि रक्त आधीच पातळ आहे, नावातच ‘अँटीकोॲग्युलंट’ (गोठण्याला विरोध करणारे) आहे, मग वर इंजेक्शन कशाला, असे म्हणून मी शाळेत असताना ती बंद केली. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून खाटेपर्यंत येताना आईला धाप लागली. गुठळी फुप्फुसात गेली होती. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून ती वाचली.

ते नावच फसवे आहे. परीक्षानळीत गोठण्याची क्रिया घडवण्यासाठी फॉस्फोलिपिड हे स्निग्ध द्रव्य घालतात. अँटीबॉडी त्यालाच अडवतात, म्हणून नळीतले रक्त उशिरा गोठते. शरीरात मात्र त्याच अँटीबॉडी गुठळीला हातभार लावतात.

बारा आठवड्यांनंतरची फेरतपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा पहिला रिपोर्टच चुकीचा होता असे दादा म्हणू लागला, आणि दर दिवाळीला म्हणतो. तसे नाही. कर्करोगात किंवा जंतुसंसर्गात या अँटीबॉडी तात्पुरत्या उमटतात, म्हणूनच किमान बारा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासल्याशिवाय अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे, म्हणजे या अँटीबॉडींमुळे गुठळ्या होण्याच्या आजाराचे, निदान पक्के करत नाहीत. आईची गुठळी कर्करोगाची की अँटीबॉडीची, हे मलाही सिद्ध करता येणार नाही. पण उपचार दोन्ही बाजूंनी तोच होता.

आपल्या वडिलांच्या तिन्ही तपासण्या, म्हणजे ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, पॉझिटिव्ह असतील तर गुठळीवरची नवी गोळी सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. इटलीतील २०१८ च्या चाचणीत अशा रुग्णांमध्ये वॉरफरिन या जुन्या गोळीपेक्षा रिव्हारोक्झाबॅन या नव्या गोळीवर गुठळीचे प्रकार जास्त झाले. आणि हेही खरे की प्लेटलेट फार खाली गेल्या किंवा जठरातून रक्तस्राव होऊ लागला तर इंजेक्शन थांबवावेही लागते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. दादाने मिरजेला एक फोन केला असता तरी पुरले असते, आणि फोन त्याच्या खिशातच होता.