तक्ता होता, पण तो त्याच्यासाठी लिहिलेला नव्हता

"मॅडम, रोज शिकवतेय, तरी याला साधे हात धुता येत नाहीत. आमच्यामागे याचं कसं व्हायचं?"

हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. या वेळी विचारणाऱ्या ताईंचा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बेसिनवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा, दहा चित्रांचा तक्ता लावलेला, इंटरनेटवरून छापून घेतलेला.

मी म्हटलं, "ताई, तीन दिवस शिकवणं बंद. मागे उभ्या राहा, बोलू नका. तो आपणहून करेल त्या पायरीपुढे वहीत खूण करा. अडला तर तेवढी पायरी गुपचूप करून द्या आणि पुढचं त्याला करू द्या."

चौथ्या दिवशी वही पाहिली. हात ओले करणं, चोळणं, धुणं, सगळं त्याला येत होतं! अडत होतं ते नळाशी, कारण नळ घट्ट होता आणि त्याच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. साबणाची वडीही ओल्या हातातून निसटायची. शिवाय प्रत्येक पायरीनंतर तो वळून आईकडे बघायचा. "आता साबण घे" हे आईचे शब्द त्याच्यासाठी हात धुण्यातलीच एक पायरी झाले होते.

ताईंचे डोळे भरून आले. त्यांची चूक नव्हती, आपण सगळेच असं बोलून शिकवतो. पण तोंडी सूचना मागे घेणं फार अवघड जातं. त्याऐवजी न बोलता मागून त्याचा हात धरून करवून घेतलं, तर तो आधार हळूहळू सैल करता येतो: आधी मनगटाला, मग कोपराला, मग नुसता जवळ.

मग तक्ता नव्याने लिहिला. चोळण्याची तीन चित्रं होती, त्यांची एकच पायरी केली. नळाच्या मात्र एकाच्या तीन केल्या. नळाचा वायसर बदलला, वडीऐवजी तळव्याने दाबायची पंपाची बाटली आणली. शब्द काढायला सुरुवात केली ती शेवटाकडून. आधी फक्त हात पुसून रुमाल अडकवणं बिनबोलता, आणि रुमाल अडकवला की लगेच समोर जेवणाचं ताट. हे सलग तीन दिवस जमलं की त्याच्या आधीची पायरीही बिनबोलता.

पाच आठवड्यांनी तो एकदाही मागे न बघता ताटावर येऊन बसला. नळ बंद करणं अजून राहिलंय, ते ताई करतात.

परवा त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला: शर्टाची बटणं, तीन दिवसांच्या खुणा. या वेळी तक्ता कुठूनही छापून आणलेला नव्हता.