आजीला सांगायचं की नाही, आणि इतर प्रश्न

प्रश्न: लेक न्यू जर्सीला असते. तिने सांगितलं म्हणून आम्ही दोघांनी 'द फेअरवेल' बघितला. आजीला कॅन्सर झालाय हे अख्ख्या घराला माहीत, फक्त आजीला माहीत नाही. आमचे हे म्हणाले अगदी बरोबर केलं, तर लेक म्हणते हा त्या बाईवर अन्याय आहे. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हाच वाद. कोण बरोबर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, तुमच्या घरच्या भांडणात पंच व्हायची माझी हौस नाही, पण पिक्चरबद्दल बोलतो. लुलू वांगचा हा २०१९चा पिक्चर तिच्या स्वतःच्या आजीवरून आलाय, सुरुवातीलाच पाटी येते की ही एका खऱ्याखुऱ्या थापेवर आधारित गोष्ट आहे. आजीची धाकटी बहीण झालीय ना, ती दिग्दर्शिकेची खरीच आजीची बहीण, स्वतःचीच भूमिका करतेय. आजीची अमेरिकेत वाढलेली नात बिली, तिच्या चुलतभावाचं लग्न उरकून घ्यायचं आणि त्या निमित्ताने जपान-अमेरिकेतनं सगळ्यांनी चीनमध्ये चांगचुनला जमायचं, म्हणजे आजीला संशय नको. आपल्याकडे हे काय नवीन आहे का, कितीतरी घरांत रिपोर्ट कपाटात आणि पेशंटला 'जरा कफ झालाय'.

काका बिलीला समजावतो की तुम्हा लोकांना वाटतं माणसाचं आयुष्य त्याचं एकट्याचं, इथे ते घराचं असतं, तेव्हा तिचं ओझं आपण उचलायचं. हाच डायलॉग सगळे कोट करतात आणि पूर्व विरुद्ध पश्चिम असा निबंध लिहितात. मला तो तेवढा पटत नाही. मला वाटतं बिलीला खोटं बोलणं जड जातं ते ती न्यूयॉर्कला वाढली म्हणून कमी आणि तिला त्या घरात काहीच काम नाही म्हणून जास्त. बाकीच्यांना बघा, कोण औषध आणतंय, कोण हॉलचं बघतंय, कोण पाहुण्यांना जेवायला वाढतंय, हाताला काम असलं की तोंड आपोआप बंद राहतं. ही पोरगी सहा वर्षांची असताना देश सोडून गेली, आता चार दिवसांसाठी आलीय, करणार काय तर आजीकडे बघत बसणार आणि डोळ्यांत पाणी आणणार. आईबापांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलेलं ते याच भीतीने.

आणि मग शेवटी शेवटी कामवाली बाई रिपोर्ट आणायला निघालीय कळल्यावर तो अडवायला हॉस्पिटलकडे जिवाच्या आकांताने पळत कोण सुटतं? बिलीच! थापेच्या विरोधात सगळ्यात जास्त बोलणारी तीच. लेकीला हा सीन परत बघायला सांगा. आणि तुमच्या ह्यांना हे विचारा की आजोबा आजारी होते तेव्हा आजीनेच त्यांच्यापासून लपवलं होतं, मग तिला हे सगळं खरंच कळलं नसेल का? पिक्चर सांगत नाही. मला विचाराल तर तिला बरंच काही कळत होतं, पण घरचे एवढे एकत्र जमलेत तर कशाला मोडता घाला. (शेवटच्या पाटीवर लिहिलंय की निदानानंतर सहा वर्षांनीसुद्धा खरी आजी मजेत होती. डॉक्टरांचं काय चुकलं कोण जाणे.)

प्रश्न: 'मिनारी' अमेरिकेत बनला, डायरेक्टर अमेरिकेत जन्मलेला, गोष्ट आर्कान्सामधली, मग गोल्डन ग्लोबमध्ये तो परदेशी भाषेच्या गटात कसा काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कारण तेव्हाचा नियम असा की अर्ध्याहून जास्त संवाद इंग्रजी नसतील तर सिनेमा त्या गटात, देश कुठलाही असो. घरात कोरियन बोलणारं कुटुंब दाखवायचं तर कोरियनच बोलणार ना. २०२१ला त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली, नंतर नियम बदलला. ऑस्करला मात्र त्याला मुख्य गटात सहा नामांकनं होती आणि आजी झालेल्या युन यो-जंगला सहाय्यक अभिनेत्रीचं मिळालं, अभिनयासाठी कोरियन कलाकाराला मिळालेलं पहिलं.

पण भांडण सोडा, आजी बघा. आईबाप दोघंही हॅचरीत पिल्लांमध्ये नर-मादी निवडायच्या कामाला, पोरांना बघायला कोणी नाही म्हणून तिला कोरियाहून बोलावून घेतलेलं. तुमच्या ओळखीत लेकीच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आया असतीलच. येताना मिरचीपूड आणि सुकी मासळी घेऊन येते आणि नातू म्हणतो तू खरी आजीच नाहीस, तुला कुकीज येत नाहीत! ती रागावत नाही, ओढ्याकाठी मिनारी नावाची कोरियन पालेभाजी लावून येते, आपलं काम आपण शोधून काढते.

प्रश्न: सगळे चिनी-कोरियनच का? आपलं मराठी काहीच नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: 'इंग्लिश विंग्लिश'ची शशी गोडबोले आहे की, हिंदी असला तरी घर पुण्याचंच. मस्त आहे, पण ती पाहुणी म्हणून न्यूयॉर्कला जाते आणि परत येते, तिथे राहायचं म्हणजे काय हे त्यात नाही. मागे राहिलेल्यांचं बघायचं तर जयवंत दळवींचं 'संध्याछाया' नाटक वाचा, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात, आणि नाना-नानींना दिवस ढकलायचा कसा हाच प्रश्न. आणि बंगाली कुटुंब चालत असेल तर मीरा नायरचा 'द नेमसेक'. वडील परगावी एकटे असताना वारल्यावर गोगोल, म्हणजे ज्याला स्वतःच्या नावाचीसुद्धा लाज वाटायची तो पोरगा, डोकं भादरून एअरपोर्टवर आईसमोर उभा राहतो. कोणी सांगितलेलं नसतं. तब्बूचा तिथला चेहरा बघाच.

प्रश्न: मी मेलबर्नला असतो, पार्टनर पुरुष आहे, आईबाबांना माहीत नाही. ते तीन महिन्यांसाठी येताहेत. एखादा सिनेमा सोबत बघून विषय काढता येईल का? (नाव नको)

उत्तर: अँग लीचा 'द वेडिंग बँक्वेट' आहे, १९९३चा, बर्लिन महोत्सवात गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. तैवानचा मुलगा, मॅनहॅटनमध्ये सायमनसोबत राहतो, आईबाप येणार म्हणून एका मुलीशी नावापुरतं लग्न करतो. स्वयंपाक सायमन करतो आणि नाव तिचं होतं. म्हातारे बाबा गप्प बसून सगळं बघत असतात, आणि एक दिवस सायमनच्या हातात लाल पाकीट (चिनी लोक शुभप्रसंगी घरच्यांना पैसे घालून देतात ते) ठेवतात, वर सांगतात की मला कळलंय हे घरात कोणाला बोलू नकोस. तिकडे आईला कळलेलं असतं, ती म्हणते बाबांना सांगू नका. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आणि सगळे एकमेकांपासून लपवताहेत.

पण मित्रा, सिनेमाला निरोप्या बनवू नकोस. अंधारात टीव्हीसमोर बसवून अंदाज बांधायला लावलंस तर पुढचे तीन महिने एकाच घरात सगळे चोरासारखे वावरतील. आधी तू तोंडाने सांग, दोघांना एकदमच, आणि शक्यतो ते विमानात बसायच्या आधी फोनवर, म्हणजे राग आला, रडू आलं तर ते त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांत येईल. 'आत्ता फक्त आईला, बाबांना नंतर' असलं काही करू नकोस, मग तिलाही लपवत बसावं लागेल. पिक्चर त्यानंतर कधीतरी लावा, पार्टनरलाही शेजारी बसवून. आणि त्या दिवशीचा स्वयंपाक त्याने केला असेल तर जेवताना तसं सांग.