सुई लागली की कॅन्सर भडकतो का?

प्रश्न: आम्ही तासगावजवळ राहतो, आई ५८ वर्षांची आहे. तिला तीस वर्षं मिश्रीची सवय. गालाच्या आत जखम झालीय, दोन महिने झाले भरतच नाही, तिखट लागलं की डोळ्यात पाणी येतं. सांगलीच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितलंय पण मावशी म्हणते हात लावला की भडकतो. रक्त तपासून किंवा स्कॅन करून कळणार नाही का?

उत्तर: दादा, तुकडा काढायला आता उशीर करू नका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच हवी, तुमचे दोन महिने गेलेत. मावशींची भीती कुठून आली ते मला कळतं, आपल्याकडे पेशंट येतोच उशिरा, आजार आधीच पुढे गेलेला असतो, मग तपासणीनंतर तब्येत ढासळली की सगळा दोष सुईवर. तुकडा काढल्यानं तोंडाचा कॅन्सर भडकत नाही.

तोंडाच्या कॅन्सरचं निदान पक्कं करणारी रक्ततपासणी नाहीये. स्कॅनमध्ये जखम किती खोल गेली, जबड्याच्या हाडाला लागली का, मानेत गाठी आहेत का ते दिसतं, पण ते कशाचं आहे हे नाही, पेट स्कॅनमध्ये (शिरेतून साखरेसारखं किरणोत्सारी औषध देऊन करतात तो स्कॅन) तर टीबीची गाठसुद्धा कॅन्सरसारखीच चमकते. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये कधीकधी नुसत्या सीटीवर भागतं, तोंडाच्या बाबतीत नाही.

करतात काय तर गालात भुलीचं इंजेक्शन देऊन जखमेच्या कडेचा मसुराएवढा तुकडा घेतात, थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी. तो खराब होऊ नये म्हणून फॉर्मॅलिन नावाच्या औषधाच्या बाटलीत घालून लॅबला जातो, तिथे मेणात बसवून केसाहून पातळ काप काढतात, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. बाटलीवर आईचं नाव तुमच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि मिश्री आजपासून बंद, घरात तव्यावर तंबाखू भाजणंच थांबवा म्हणजे आईला वासानं तलफ येणार नाही.

रिपोर्ट आला की नुसता कागद आणू नका, स्लाइड (काप लावलेली काचपट्टी) आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. उद्या मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायची वेळ आली तर तिथे तेच मागतात, आणि आईला परत सुई टोचायची वेळ बहुतेक येत नाही.