ट्रान्सक्रिप्शनचं काम: एजन्सीकडून घ्यावं की स्वतंत्रपणे करावं?

तुमचं मराठी टायपिंग चांगलं आहे, एका एजन्सीने ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून त्यातलं बोलणं टाइप करायला, मिनिटामागे ठरावीक दर देऊ केला आहे आणि तो घ्यावा की स्वतःच कामं मिळवावीत हे तुम्ही विचारलंय. मी दोन्ही केलंय, आता बहुतेक स्वतंत्रच करते. माझं मत: सुरुवात एजन्सीपासून करा, पण सगळे तास तिला देऊ नका.

आधी दराचं. मिनिट म्हणजे रेकॉर्डिंगचं मिनिट, तुमच्या कामाचं नव्हे. समजा दर २० रुपये आहे. तासाभराच्या फाइलचे १२०० रुपये झाले. समोरासमोरची, स्वच्छ आवाजातली मुलाखत पाच तासांत होत असेल तर तासाला २४० पडतात. तीच फाइल गटचर्चेची असेल, आठ बायका एकदम बोलतायत, वर पंखा घरघरतोय, तर आठ तास कुठेच गेले नाहीत. मग हातात तासाला १५० येतात. म्हणून एजन्सीला दराआधी विचारा की फाइल ऐकून नाकारता येते का, आणि एकाहून जास्त बोलणारे असतील तर दर वाढतो का.

हल्ली काही ठिकाणी यंत्राने काढलेला मसुदा पाठवतात आणि ‘फक्त तपासायचं आहे’ म्हणून कमी दर लावतात. प्रमाण मराठीत ते परवडू शकतं. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणं असेल तर मसुदा दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावर टाइप करणं लवकर होतं. दहा मिनिटांचा नमुना करून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

तरीही एजन्सी का? कारण शिस्त तिथे लागते. बोलणाऱ्यांची नावं न लिहिता खुणा कशा द्यायच्या, टाइमस्टॅम्प (रेकॉर्डिंगमधल्या वेळेच्या नोंदी) कुठे टाकायचे, ‘म्हणजे’, ‘ते हे’, अर्धवट तुटलेली वाक्यं कधी ठेवायची आणि कधी गाळायची, ऐकू न आलेली जागा अंदाजाने न भरता ‘अस्पष्ट’ म्हणून कशी सोडायची, हे तपासून परत आलेल्या फाइलींमधून पक्कं होतं.

स्वतंत्र कामाचा खरा फायदा मला दरात दिसत नाही. तो आहे रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाशी थेट बोलता येण्यात. एजन्सीकडून फाइल येते तेव्हा गाव कुठलं, विषय काय, कोण बोलतंय, काहीच कळत नाही. थेट काम देणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीकडून मी गावांची, पिकांच्या वाणांची, सरकारी योजनांची नावं आधीच मागून घेते. तेवढ्याने निम्मं अडखळणं थांबतं. शिवाय ‘पुढच्या वेळी फोन मधोमध ठेवा, पंखा बंद करा’ हे सांगता येतं, आणि पुढची फाइल खरंच ऐकण्यासारखी येते. आशा कार्यकर्त्या, शेतकरी, रुग्ण आपलं मन मोकळं करतात. त्यांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर यावं याची मला मनापासून काळजी असते. ते बोलणं खासगी असतं, म्हणून त्या मुलाखती फुकटच्या ऑनलाइन टूलवर चढवू नका.

अशी कामं सामाजिक संस्था, विद्यापीठांचे संशोधन विभाग, बाजार-संशोधन करणाऱ्या कंपन्या यांच्याकडे असतात. एका संशोधकाचं काम नीट झालं की पुढची कामं ओळखीने येतात, पण मधले महिने रिकामे जातात. ते भरायला एजन्सी हवी.

पैसे दोन्हीकडे अडकतात. मोठ्या कामाला थोडी रक्कम आगाऊ घ्या, दर आणि मुदत ईमेलवर लिहून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती ऑनलाइन आणि मोफत होते. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि आठवणीच्या ईमेलमध्ये हे वाक्य घातलं की उत्तर येतं. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर दिसतोय ना, हे विवरणपत्र भरण्याआधी तपासा.

आणि एजन्सीचा करार सही करण्याआधी एक कलम शोधा: ‘आमच्या ग्राहकांशी थेट काम करणार नाही.’ ते किती काळासाठी आहे ते बघा. एजन्सी सोडल्यावरही दोन-तीन वर्षं लागू असेल, तर मुदत कमी करून मागा.