स्वयंपाकघरातील प्रश्न : एकच शेगडी आणि कमी मिठाचे पान

प्रश्न : नोकरीनिमित्त मी पुण्यात एका भाड्याच्या खोलीत राहतो. घरमालकांनी गॅस सिलिंडर ठेवण्यास मनाई केल्यामुळे माझ्याकडे एकच इंडक्शन शेगडी आहे. वरण-भात, भाजी, पोळी एवढे करायलाही दीड तास मोडतो, फोडणी करपते आणि फुलके फुगत नाहीत. बाहेरचा डबा मला सोसत नाही. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रावरून असे दिसते की, आपण गॅसवरचा स्वयंपाक जसाच्या तसा इंडक्शनवर करू पाहत आहात. या शेगडीला आच नसते. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो, आणि म्हणून लोहचुंबक घट्ट चिकटेल अशी सपाट बुडाची भांडीच तिच्यावर चालतात. पितळी पातेली, ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणि गोल बुडाची कढई तिथे निरुपयोगी. स्टीलचे प्रत्येक भांडे लोहचुंबकाला चिकटतेच असे नाही, त्यामुळे खरेदीला जाताना एक लहानसा लोहचुंबक खिशात असू द्यावा. शेगडी २००० वॅटची असेल, तर पूर्ण शक्तीवर ती जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. ती ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला जोडू नये. खोलीत १६ अँपिअरचा मोठा सॉकेट नसेल, तर तो घरमालकांकडून बसवून घ्यावा. गॅसला मनाई करणाऱ्यांनी एवढे करायला हरकत नसावी.

फोडणीचे दुखणे दोन प्रकारचे आहे. कढल्याचे बूड इतके लहान असते की, अनेक शेगड्यांना ते भांडे वाटतच नाही. त्या पिप् पिप् करतात आणि बंद पडतात. दुसरे म्हणजे, पातळ बुडाच्या भांड्यात तेल क्षणात तापते आणि हिंग-हळद हातात घेईपर्यंत मोहरी काळी पडलेली असते. त्यासाठी जाड बुडाची सपाट कढई घ्यावी, शक्ती ८०० वॅटच्या आसपास ठेवावी आणि मोहरी थंड तेलातच घालून दोन्ही बरोबर तापू द्यावीत. मोहरी तडतडू लागली की शेगडी बंद करून मग जिरे, हिंग, हळद घालावी, कारण भांड्यातील उष्णता तेवढ्याला पुरते. वरणावर फोडणी ओतण्याऐवजी फोडणीतच शिजलेली डाळ ओतावी. चवीत फरक पडत नाही आणि एक भांडे वाचते.

वेळेचा प्रश्न मात्र पाककृतीपेक्षा क्रमाचा आहे. इंडक्शनला चालणाऱ्या कुकरमध्ये खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, मधल्या डब्यात तांदूळ आणि वरच्या डब्यात भाजीचे बटाटे असे एकदमच लावावे, आणि तो शेगडीवर असताना कणीक भिजवून कांदा-मिरची चिरून घ्यावी. शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून बाजूला ठेवावा. वाफ आपोआप जिरायला जी दहा-पंधरा मिनिटे लागतात, तेवढ्यात शेगडी पोळ्यांना मोकळी मिळते. कुकर उघडला की बटाट्याची भाजी आणि त्याच कढईत वरणाची फोडणी, एवढेच उरते. हात बसला की सगळे साधारण तासाभरात आटोपते.

फुलक्याचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फुलका आचेवर फुगतो आणि ती आचच इथे नाही. घडीची पोळी तव्यावरच भाजली जाते आणि तिला पदर सुटतात ते आतल्या तेलामुळे. एकट्या माणसासाठी तीच सोयीची. मात्र तवा कॉइलच्या वर्तुळाएवढाच नीट तापतो, म्हणून पोळ्या नेहमीपेक्षा लहान लाटाव्यात आणि कडा कापडाने दाबून भाजाव्यात. भाकरीची हौस थालीपिठावर भागवावी, कारण झाकणाखालच्या वाफेवर ते उत्तम होते. वांग्याच्या भरताला मात्र पर्याय नाही. तेलाचा हात लावून झाकणाखाली शिजवलेले वांगे मऊ होते, पण त्याला तो धुरकट वास येत नाही. ते सुट्टीत गावी गेल्यावरच खावे.

प्रश्न : सासूबाईंना उच्च रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. घरात पाच माणसे आहेत. अळणी जेवण कोणी खात नाही आणि दोन वेगळे स्वयंपाक मला झेपत नाहीत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन स्वयंपाकांची गरज नाही. आपल्याकडे पानात आधी मीठ वाढण्याची जुनी रीत आहे, ती पुन्हा सुरू करावी. वरण, कोशिंबीर आणि कणीक बिनमिठाची ठेवावी, भाजी-आमटीत नेहमीच्या निम्मे मीठ घालावे, आणि ज्याला हवे त्याने पानातले घ्यावे. वरून घेतलेले मीठ जिभेला लगेच जाणवते, त्यामुळे ते थोडक्यात भागते. कोशिंबिरीला तर पाणीही सुटत नाही. सासूबाईंच्या पानात मिठाच्या जागी लिंबाची मोठी फोड, भाजलेल्या तिळांचे किंवा कारळाचे बिनमिठाचे कूट आणि भरपूर कोथिंबीर असावी; आमटीला आमसूल थोडे सढळ हाताने घालावे, कारण आंबटपणा असला की मिठाची उणीव फारशी भासत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ खावे, आणि यात लपलेले मीठही धरलेले आहे. भाजीत निम्मे मीठ घालून पानात लोणचे आणि दोन पापड वाढले, तर केलेला खटाटोप वाया जातो. पापडात तर मिठाबरोबर पापडखाराचेही सोडियम असते. फरसाण, सांडगे, कुरडया आणि सोडा घातलेला ढोकळा याच यादीतले. सैंधव मीठ वेगळे असते हा समज सोडून द्यावा, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असल्यास ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.