आत गेल्यावर आधी कोण भेटतं

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि रात्री दिवा मालवण्याआधी पुन्हा एकदा. सात महिने एकही पहाट न चुकवता ध्यानाला बसतोयस, आणि तरी ‘आत काही नाही, नुसता काळोख आणि विचारांचा कल्ला’ असं लिहिलंस. त्याखाली ‘माझ्यात देव नसेलच, तर?’ ही ओळ तू एकदा खोडून पुन्हा लिहिली आहेस, हे मला दिसलं. ती पुन्हा लिहिलीस, बरं केलंस. खरं पत्र तेवढंच आहे.

तू काहीतरी दिसायची वाट बघतोयस. प्रकाश, नाद, अंगावर शहारा, निदान डोळ्यांत पाणी. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतू असाच भेटतो. बारा वर्षं वेद शिकून चोविसाव्या वर्षी ताठ मानेने घरी आलेला मुलगा. बाप, उद्दालक आरुणी, त्याला म्हणतो, हे मीठ पाण्यात टाक आणि सकाळी ये. सकाळी म्हणतो, काल टाकलेलं मीठ आण बघू. पोरगा पाण्यात हात घालून चाचपडतो, मीठ सापडत नाही. मग बाप सांगतो, वरचं पाणी चाख. मधलं चाख. तळाचं चाख. सगळं खारट! मिठासारखं न दिसता सगळ्यात भरलेलं जे आहे, त्याबद्दल ‘तत्त्वमसि’ हा शब्द तिथे येतो, ‘ते तूच आहेस’.

मला या गोष्टीत ती मधली रात्र फार मोलाची वाटते. बापाने उत्तर संध्याकाळीच देऊन टाकलं नाही. मीठ विरघळत होतं तेव्हा बघायला कुणी नव्हतं. आणि सकाळी डोळे आणि हात कामाला आले नाहीत, जीभ आली.

आता तुझी जीभ कुठली, ते सांगते. ‘विचारांचा कल्ला चालू आहे’ हे तुला कळलं कसं? कल्ल्याने तर सांगितलं नाही. काळोख आहे हे ज्याला कळलं, तो काळोख नव्हे. तू बसतोस तेव्हा विचार बदलतात, मूड बदलतो, पाय दुखायला लागतात, आणि हे सगळं ज्याला कळतं ते मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. ते इतकं जवळ आहे की तू त्याच्यावरून रोज पुढे निघून जातोस. काखेत कळसा म्हणतात ते हेच. निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचं दुकान चालवणारे संसारी गृहस्थ. त्यांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, त्यांना ‘मी आहे’ या नुसत्या जाणिवेवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. ‘मी अमुक आहे’ नाही. ‘मी आहे’ एवढंच. उद्यापासून तूही तेवढंच कर. विचार हाकलू नकोस, ते येऊ देत. वीस मिनिटं पुरे.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे, आणि ते मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. आत गेल्यावर आधी देव भेटत नाही. आधी आपण भेटतो. स्पेनमधली तेरेसा नावाची संन्यासिनी, तिने 1577 साली जिवाला स्फटिकाच्या किल्ल्याची उपमा देऊन एक ग्रंथ लिहिला. आत सात महाल, आणि सगळ्यात आतल्या महालात देव. पहिल्या महालात काय आहे म्हणशील? साप, विषारी जीवजंतू. आपल्याबरोबर तेही आत शिरलेले असतात आणि त्यांच्यामुळे आतला उजेड दिसत नाही, असं ती लिहिते. मी हे वाचलं तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. कारण तोवर मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे.

माझे वडील शेवटच्या वर्षांत हात कापायचा म्हणून शर्टाची बटणं लावू शकत नसत. मी पहाटे दार लावून बसायचे आणि ते नेमके तेव्हा दार वाजवायचे. एके दिवशी मी उठले ती धुमसतच. त्यांच्यासमोर उभी राहून वरचं बटण लावलं. त्यांची बोटं माझ्या बोटांच्या मागेमागे हवेत हलत होती, आपणही मदत करतोय अशी. दुसरं बटण काजातून जाईना. मी दात आवळले, आणि त्या क्षणी मला माझा राग लख्ख दिसला. आपलं हातावरचं घड्याळ दिसावं तसा. तो राग ज्याला दिसत होता, ते रागावलेलं नव्हतं. ते वडिलांवर चिडलेलं नव्हतं, माझ्यावरही नव्हतं. तिसरं बटण मी फार सावकाश लावलं. दाराआड चार वर्षं जे शोधत होते त्याची पहिली चव मला त्या शर्टापाशी मिळाली, आणि वडिलांना त्यातलं काही कळलं नाही.

तू रमण महर्षींचा दाखला दिलास. 1896 साली, सोळाव्या वर्षी, मदुराईच्या घरात त्यांना अचानक मरणाच्या भीतीने गाठलं. ते प्रेतासारखे आडवे झाले, हे शरीर मेलं तर मी मेलो का असं स्वतःला विचारलं, आणि सगळं उलगडलं. ‘माझं असं का होत नाही?’ असं तू विचारतोस. होईल न होईल, ते तुझ्या हातात नाही. मागून तर नाहीच मिळत. पण त्यांचं पुढचं आयुष्यही बघ. 1950 पर्यंत ते तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याशी राहिले, आणि पुढे आश्रम उभा राहिला तेव्हा पहाटे स्वयंपाकघरात बसून भाजी चिरायचे. ज्याला देव आत सापडला तो माणूस भाजीपासून दूर गेला नाही.

दोन गोष्टी काळजीपोटी लिहिते. बसल्यावर झोप उडायला लागली, जग परकं वाटायला लागलं किंवा जगणंच नको वाटलं, तर बसणं थांबव आणि डॉक्टरकडे जा. त्यात कमीपणा नाही, साधना हे त्यावरचं औषध नव्हे. आणि कुणी ‘तुझ्यातला देव मी दाखवतो’ म्हणून पैसा, शरीर किंवा गुप्तता मागितली, तर तिथून ऊठ. मागे वळून बघू नकोस.

‘अहं ब्रह्मास्मि’ पाठ करतोयस ना? त्याने मन फुगतंय की मऊ होतंय, एवढं बघत जा. मीठ फक्त तुझ्याच भांड्यात नाही.

आता तुझ्या पत्राच्या अगदी शेवटचं, समासात बारीक अक्षरात लिहिलेलं. भावाशी दीड वर्ष बोलणं नाही, ‘पण त्याचा या विषयाशी संबंध नाही’ म्हणालास. रोज पहाटे डोळे मिटल्यावर पहिला तोच येत असणार. आहे संबंध. तो तुझा पहिला महाल आहे. चूक कुणाची, हे मला ठाऊक नाही आणि विचारतही नाही. या रविवारी त्याला फोन लाव. तो काय बोलला ते मला कळवू नकोस. पलीकडे घंटी वाजत असताना तुझ्या आत काय चाललं होतं, आणि ते कोण बघत होतं, तेवढंच सविस्तर लिही. मी पत्राची वाट बघते.

तुझी,
मावशी